कायद्याचा वर्ग आणि झाडीपट्टीच्या मुली

आपल्याकडच्या इतिहासकारांना 'पहिली' हा शब्द फार आवडतो. पहिली पदवीधर, पहिली डॉक्टर, पहिली बॅरिस्टर. पहिली सापडली की तिचे तैलचित्र लागते, जयंती ठरते आणि शोध थांबतो. दुसरी कोण होती, पन्नासावी कोण होती, आणि जी वर्गाच्या दारापर्यंत पोचलीच नाही ती कुठे होती, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. स्त्रियांनी कायदा कसा शिकला याचा इतिहासही असाच 'पहिल्यां'चा इतिहास झाला आहे. तो खोटा नाही. पण तो अपुरा आहे, आणि अपुरा इतिहास पूर्ण म्हणून सांगितला की तो प्रस्थापितांच्या बाजूचा होतो.

१८५५ हे साल घ्या. त्या वर्षी मुंबईत कायद्याचे वर्ग सुरू झाले. आजचे शासकीय विधी महाविद्यालय ते हेच. त्याच वर्षी 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने त्यात मांग-महारांच्या दुःखाचा हिशेब मांडला आहे. ज्या धर्माचे ग्रंथ आम्ही वाचायचे नाहीत, तो धर्म आमचा कसा, असा तिचा सवाल आहे. हा निबंध भावनेचा उमाळा नव्हे. आरोप कोणावर, पुरावा काय, प्रतिपक्षाचे म्हणणे कुठे तुटते, हे सारे तिथे क्रमाने आले आहे. ज्याला आपण युक्तिवाद म्हणतो तो हाच. मुंबईत पुरुषांना युक्तिवाद शिकवण्याची सोय झाली, त्याच वर्षी एका अस्पृश्य मुलीने तो करून दाखवला. पण कायद्याच्या शिक्षणाच्या इतिहासात मुक्तेचे नाव कोणी घेत नाही. तिच्यासाठी त्या वर्गाचे दार कोणी कल्पनेतही उघडले नव्हते.

दार पहिल्यांदा ठोठावले ते कॉर्नेलिया सोराबजी यांनी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. घराणे पारशी ख्रिस्ती, इंग्रजी शिकलेले. डेक्कन कॉलेजातून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. गुणवत्तेने इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे यायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! मधल्या काळात १८९७ ला त्या मुंबईची एल.एल.बी. उत्तीर्ण झाल्या. तरी कोर्टात वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार मिळायला १९२१ साल उजाडावे लागले, आणि तो दिला अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने.

एवढा उशीर का झाला? कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन वकिलीसाठी अर्ज केला. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज १९२१ साली पाटण्यात तसाच फेटाळला गेला. वकिलीच्या कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता. त्या शब्दात स्त्री बसत नाही, असे न्यायालयांनी ठरवले. आजवर स्त्रियांनी वकिली केलेली नाही, म्हणून कायदा करणाऱ्यांच्या मनात स्त्री नव्हतीच, असे हे तर्कशास्त्र होते. शेवटी १९२३ साली मध्यवर्ती विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करून ही अडचण दूर करावी लागली. त्याच वर्षी मिठन टाटा लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

'पूर्वी कधी नव्हते, म्हणून आताही नाही' हा युक्तिवाद वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. तो आपल्या ओळखीचा आहे. चवदार तळ्याच्या खटल्यात महाडच्या सवर्णांनी तोच केला होता. अस्पृश्यांनी या तळ्यावर पाणी कधी भरले नाही, ही आमची अनादी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली ते फेटाळले. अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय बाबासाहेबांच्या बाजूने लागला. तेव्हा ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. स्त्रीला कोर्टाबाहेर ठेवणारा आणि अस्पृश्याला पाण्याबाहेर ठेवणारा युक्तिवाद एकच आहे. मग जी स्त्रीही आहे आणि अस्पृश्यही आहे, तिच्या वाट्याला तो दोनदा येतो. 'पहिल्यां'चा इतिहास लिहिणाऱ्यांना हे दुसऱ्यांदा येणे दिसत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात. धानाच्या बांध्या, मामा तलाव, तेंदूपत्ता आणि बिडी यांवर जगणारी ही झाडीपट्टी. इथल्या माणसाचे मोठे कोर्ट नागपूरला आणि विद्यापीठही नागपूरला. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ साली, म्हणजे स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला त्याच वर्षी. दोन वर्षांनी विद्यापीठाचे विधी महाविद्यालय निघाले. कागदावर तेव्हापासून तिरोड्याच्या, आमगावच्या, देवरीच्या मुलीला कायदा शिकायला कुणाचीच आडकाठी नव्हती. पण कायद्याच्या वर्गात जायला तेव्हा आधी पदवी लागत असे, पदवीला मॅट्रिक आणि मॅट्रिकला शाळा. जाईबाई चौधरींनी १९२२ साली नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. त्यांनी स्वतः आधी नागपूर स्टेशनवर हमाली केली होती. एका टोकाला मुलींसाठी पहिलीचा वर्ग उघडत होता, दुसऱ्या टोकाला वकिलीचा. मधली सारी पायरी गायब होती.

पण शिकता आले नाही म्हणून आपल्या बायका कायद्याबाहेर बसून राहिल्या, असे कोणी समजू नये. एम्प्रेस मिलमधल्या कामगार राधाबाई कांबळे यांनी १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगासमोर साक्ष दिली. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या. त्या समुदायाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे जे बोल आपण आजही आठवतो, ते याच परिषदेतले. आपण ते बोल लक्षात ठेवले आणि बायकांनी केलेले ठराव विसरलो. काय होते ते ठराव? नवऱ्यापासून फारकत घेण्याचा हक्क कायद्याने मान्य करा. एकाहून अधिक बायका करण्याची चाल कायद्याने बंद करा. गिरणीत, बिडी कारखान्यात, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या स्त्रीला रजा आणि निवृत्तिवेतन द्या. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढा. विधिमंडळांत आणि स्थानिक संस्थांत आमच्या स्त्रियांना जागा राखून ठेवा.

हे ठराव पुन्हा वाचावेत. ज्यांतल्या बहुसंख्य बायकांना सही करता येत नव्हती, त्यांनी हा कायद्याचा मसुदाच केला आहे. घटस्फोट आणि एकपत्नीत्व या दोन मागण्या हिंदू कोड बिलाच्या गाभ्यातल्या. ते बिल रखडवले गेले आणि बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५४ साली ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, आणि हरले. ज्या बायकांसाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांच्याच मुलुखात! पुढच्याच वर्षी, १९५५ ला, हिंदू विवाह कायदा झाला. नागपूरच्या ठरावानंतर तेरा वर्षांनी. हा कायदा आज विधी महाविद्यालयात शिकवला जातो. त्याचा इतिहास सांगताना राव समितीचे नाव येते, संसदेतल्या चर्चेचे येते. नागपूरच्या परिषदेचे नाव येत नाही. कायद्याच्या वर्गात आपल्या बायका विद्यार्थिनी म्हणून नव्हत्या हे एक दुःख. कायद्याच्या कर्त्या म्हणूनही त्यांची नोंद नाही, हे दुसरे. ते अधिक खोल आहे.

आणखी एक गोष्ट. १९५५-५६ पर्यंत 'हिंदू लॉ' या विषयात विद्यार्थी शिकत काय होता? मिताक्षरा आणि दायभाग. वारसाहक्काच्या खटल्यात एखादी जात शूद्र आहे की द्विज, याचा निवाडा इंग्रजांची कोर्टे करीत असत, कारण शूद्राच्या दासीपुत्राला एक नियम आणि द्विजाच्या दासीपुत्राला दुसरा. मनुस्मृती महाडला १९२७ साली जळली, पण तिच्या कुळातले शास्त्र नंतरही पाव शतक परीक्षेच्या अभ्यासक्रमात होते. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी संस्कृत शिकून त्या भाषेची मक्तेदारी मोडली आणि त्याची कहाणी १९८१ साली 'अंतःस्फोट'मध्ये सांगितली. संस्कृत शिकणारी दलित मुलगी लोकांना अघटित वाटली. कायदा शिकणारी मुलगीही तशीच वाटली असती. कारण दोन्ही ठिकाणी ती आपल्याविरुद्ध लिहिलेला ग्रंथ उघडून वाचणार होती.

धर्मांतरानंतरच्या पिढीत शिक्षणाची लाट आली. भारत सरकारची शिष्यवृत्ती आली, १९६४ साली दीक्षाभूमीवर महाविद्यालय आले. आपल्या वस्त्यांमध्ये 'वकीलसाहेब' या माणसाला मोठा मान होता. बाबासाहेब बॅरिस्टर, राजाभाऊ खोब्रागडे बॅरिस्टर. चळवळ आणि वकिली ही जणू सख्खी भावंडेच होती. म्हणून मुलाला वकील करायचे स्वप्न झोपडीतही पाहिले गेले. मुलीला? मुलीला डी.एड. करायचे, नाही तर नर्सिंग. दोन वर्षांत नोकरी, महिन्याला पगार, आणि जावईही मिळतो. हा हिशेब गरिबीचा होता, त्याला मी दोष देत नाही. पण त्यात गरिबीबरोबर आणखीही काही होते. वकिली म्हणजे चारचौघांत उभे राहून पुरुषाला उलट प्रश्न विचारणे. मुलीने शिकावे, शिकवावे, सुई टोचावी. पण उलट प्रश्न विचारू नये, हा संस्कार आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यावरही घरातून पुरता काढला नाही. चळवळीतल्या पुरुषांनी हे एकदा मोकळेपणाने मान्य करावे.

घरात कायदा वाचणारे कोणी नसले की काय होते, ते मी माझ्याच घरात पाहिले. माझी माय बिड्या वळायची. ठेकेदाराचा माणूस बिड्या मोजताना काही खराब म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी नाही, आणि त्या बिड्याही परत नाहीत. बिडी व सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही तो कामगार मानत होता. मायने हयातभर बिड्या वळल्या, पण या कायद्याचे नाव तिच्या कानावर आले नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मी इतिहास शिकले. तो कायदा मी वाचला तेव्हा तिची बोटे काम करीनाशी झाली होती.

आणि कायदा जेव्हा दारात आला, तेव्हा तो कसा आला? २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. देसाईगंज म्हणजेच वडसा. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे स्टेशन. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. १९७४ ला सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. १९७६ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, म्हणजे तिची संमती होती, असा निष्कर्ष काढला. चौकीचे दार आतून बंद, पुढ्यात खाकी वर्दी, आणि समोर गरीब आदिवासी पोर. तिच्या गप्प राहण्याला न्यायालयाने होकार म्हटले.

यावर आवाज उठवला तो कायद्याच्या वर्गातून. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. चौघांत दोन स्त्रिया होत्या. त्या पत्राने देशभर स्त्रियांची आंदोलने उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, असे कलम पुराव्याच्या कायद्यात आले. हा विजय मोठा आहे. तो कोणी लहान करू नये. पण एक गोष्ट मनात सलते. मथुरा साक्षीदार होती. तिच्यासाठी लिहिणाऱ्या विदुषी दिल्लीच्या आणि पुण्याच्या होत्या. तिच्या शेजारच्या गावातली, तिची बोली कळणारी, कायदा शिकलेली एकही बाई तिच्या बाजूला उभी असल्याची नोंद नाही. सत्र न्यायालयात पहिल्याच दिवशी अशी एक जण असती तर?

हा प्रश्न जुना झाला असे वाटत असेल तर खैरलांजी आठवावे. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे यांना गावाने मारले. अत्याचार प्रतिबंधक कायदा होऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी दिली, दोघांना जन्मठेप. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, आणि विनयभंगाचे कलमही टिकले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. जातीय अत्याचार झाल्याचे त्यानेही मानले नाही. शिक्षा झाली ती चार माणसांच्या खुनाची. त्या माणसांतल्या दोघी स्त्रिया होत्या आणि चौघेही दलित होते, हे निकालाच्या हिशेबात आले नाही. मथुरेच्या बाबतीत कायद्याने तिचे मौन चुकीचे वाचले. सुरेखा-प्रियंकाच्या बाबतीत त्यांचे दलित असणे आणि बाई असणे वाचलेच नाही.

माझ्या बी.ए.च्या वर्गातून पुढे कायद्याकडे वळणाऱ्या मुली खैरलांजीच्या वेळी पाळण्यात होत्या, नाही तर जन्मल्याच नव्हत्या. तरी त्यांना ते नाव ठाऊक आहे. घरात ते बोलले जाते. अर्जुनी मोरगावकडच्या एका मुलीने मला सांगितले, कायद्याच्या वर्गात मथुरेचा खटला शिकवताना बाकी मुलांना देसाईगंज हे केवळ निकालपत्रातले एक नाव होते. तिला ते मामाच्या गावाला जातानाचे स्टेशन होते. फलाटावरचा हँडपंपसुद्धा तिला आठवत होता. तिच्यात आणि वर्गात जे अंतर आहे ते इथे आहे. इतरांसाठी तो दाखला आहे. तिच्यासाठी तो शेजार आहे.

या पिढीपुढच्या अडचणी वेगळ्या आहेत. दार उघडे आहे. राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. पण नागपूरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ झाले, त्याची प्रवेश परीक्षा इंग्रजीतच होते. म्हणजे एकाच शहरात दोन प्रकारचे वर्ग तयार झाले. १९९८ पासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. मराठीत शिकलेली मुलगी तालुका कोर्टात चांगली बोलते, पण निकालांचे ग्रंथ तिला इंग्रजीत वाचावे लागतात. तिथे ती अडखळली की तिला बुद्धी कमी असल्याचे ऐकवले जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. कलमांचे आकडे सगळ्यांनाच नव्याने पाठ करावे लागले. एवढ्यापुरते तरी जुने आणि नवे वकील एका बाकावर आले.

पुढचा घाट पदवीनंतर येतो. सनद मिळते, काळा कोट शिवला जातो, घरी पेढे वाटले जातात. मग कोणा मोठ्या वकिलाच्या हाताखाली राहायचे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे हाती पडते ते येण्याजाण्याच्या खर्चापुरते. ज्याचा बाप वकील आहे त्याला अशील घरात मिळतात, पुस्तके घरात मिळतात, बाररूममध्ये खुर्ची मिळते. जिची माय रोवणीला जाते तिने ही वर्षे कशावर काढायची? म्हणून अनेक सनदा ट्रंकेत पडून राहतात आणि मुली स्पर्धा परीक्षेच्या अर्जांकडे वळतात. आपण पदव्या मोजतो. कोर्टात उभ्या राहिलेल्या मुली मोजत नाही. १९८९ ते २०२१ या काळात सर्वोच्च न्यायालयात अकरा स्त्रिया न्यायाधीश झाल्या. त्यांत दलित स्त्री एकही नाही. हे वरचे शून्य तालुका कोर्टातल्या रिकाम्या खुर्चीपासून सुरू होते.

मग करायचे काय? १९४२ च्या बायकांनी काय केले ते पाहावे. त्यांनी मोघम 'प्रगती' मागितली नाही. रजा मागितली, वसतिगृह मागितले, जागा मागितल्या. आपणही तसेच नेमके मागावे. नव्या वकील मुलीला पहिल्या तीन वर्षांचे विद्यावेतन मिळावे. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या गावी मुलींचे वसतिगृह असावे, म्हणजे देवरीच्या, सालेकशाच्या मुलीला शेवटच्या बसच्या वेळेवर आपली वकिली बेतावी लागणार नाही. महत्त्वाच्या निकालांची मराठी भाषांतरे ग्रंथालयात असावीत. आणि आपल्या संस्थांनी जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग एका मुलीच्या कायद्याच्या पुस्तकांसाठी बाजूला काढावा. यात क्रांतीचे काही नाही. पण वस्तीत एक वकील बाई असली की पोलीस चौकीतल्या पहिल्या जबाबापासून खटला बदलतो.

मुक्ता साळवे हिने १८५५ साली सवाल केला, त्याला उत्तर मिळाले नाही. राधाबाईंनी आयोगासमोर साक्ष दिली. मथुरेनेही साक्ष दिली, ती खोटी ठरवली गेली. प्रियंकाला साक्ष द्यायलाही जिवंत ठेवले नाही. पावणेदोनशे वर्षे आपल्या बायका या देशाच्या न्यायालयात साक्षीदार, फिर्यादी आणि प्रेत म्हणून येत राहिल्या. आता वडसा-गोंदिया गाडीत कायद्याचे पुस्तक उघडून बसलेली एक मुलगी वकीलपत्र दाखल करायला निघाली आहे. तिला 'पहिली' म्हणून हार घालू नका. तिच्यामागून दुसरी, तिसरी, पन्नासावी कशी येईल एवढे पाहा.